इतर या सदरात

३ एप्रिल

कर्जफेडीच्या करारावर आज सही केली. मुदत पाच वर्षं. बँक, पतपेढी, कार्डवाले आणि यंत्र विकणारा व्यापारी, सगळ्यांना मिळून महिन्याला एकच हप्ता. आता चौघांचे फोन बंद. घरी आल्यावर दोनदा फोन उचलून पाहिला. चालू आहे.

कर्ज सल्ला केंद्रातल्या मॅडम म्हणजे आमच्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी पोर. मला काका म्हणते. तिने अटी वाचून दाखवल्या. पगार थेट नव्या खात्यात, त्यातून आधी हप्ता, उरलेल्याची सदरं: भाडं, किराणा, वीज, शिक्षण, प्रवास, औषध, इतर. दर चार महिन्यांनी पावत्यांसह तपासणी. हप्ता चुकला किंवा नवं कर्ज काढलं तर करार मोडला. पहिलं वर्ष स्वच्छ गेलं तर जामीनदार सुटेल.

जामीनदार म्हणजे माझा मेहुणा, हिचा धाकटा भाऊ. त्याचं लग्न ठरलं आहे. मुलीकडच्यांना आधी घर दिसायला हवं, आणि माझ्या कागदांवर त्याची सही आहे तोवर कुठलीही बँक त्याला घरासाठी कर्ज देत नाही. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, एक वर्ष म्हणजे काय, पापणी लवायच्या आत जाईल. तो माझ्याकडे बघत राहिला. पापणी लवली नाही.

ही वही 'इतर'मधून घेतली. पहिला शिस्तीतला खर्च.

४ एप्रिल, सकाळी

देवासमोर बसून संकल्प केला.
चहा एकदाच.
कुणावर रागवायचं नाही.
रोज आत्मपरीक्षण.

आमचे गावच्या शाळेतले गुरुजी सांगायचे, अंथरूण पाहून पाय पसरावेत. मी लॉन्ड्रीत इस्त्री विभागाचा मुख्य. हॉटेलांच्या ढीगभर चादरी रोज माझ्या हाताखालून जातात. अंथरूण माझ्याइतकं कुणी पाहिलं नसेल.

४ एप्रिल, संध्याकाळी

चहा तीनदा. त्यातले दोन दुसऱ्यांनी पाजले, ते धरायचे नाहीत.

१९ एप्रिल

पुढच्या खोलीतल्या मशीनबद्दल लिहून ठेवतो. ते चादरी दाबायचं रोलर मशीन. एका बाजूने ओली चादर घातली की दुसरीकडून कोरडी, सपाट बाहेर येते. स्वतःची लॉन्ड्री काढली तेव्हा घेतलं होतं. लॉन्ड्री बुडाली असं लोक म्हणतात. ती काळाच्या पुढे होती. जागा सोडावी लागली तेव्हा मशीन घरी आणलं. आणताना दाराची चौकट काढावी लागली. मोटर जळालेली आहे म्हणून गिऱ्हाईक येत नाही. करारात त्याची नोंद मालमत्ता म्हणून आहे, त्यामुळे भंगारातही देता येत नाही. खोलीत आता मशीन राहतं आणि उरलेल्या जागेत आम्ही राहतो. जेवतो त्याच्यावर. मुलगी अभ्यास करते त्याच्यावर. आलेला माणूस त्याला वळसा घालून आत येतो.

हल्ली येत कुणी नाही म्हणा. फक्त मेहुणा. पूर्वी रविवारी जेवायला यायचा, आता येतो तो दारातूनच विचारतो, भाऊजी, हप्ता गेला ना? आज मात्र ताकदीच्या गोळ्या घेऊन आला. म्हणाला, भाऊजी, रस्ता जपून ओलांडत जा. माझ्याबद्दल एवढी माया त्याला पूर्वी नव्हती. संकटात माणसं जवळ येतात ती अशी.

२ मे

मित्राच्या मुलाचं लग्न. भेटवस्तू कुठल्याच सदरात बसेना. आजारी आहे असं कळवलं. आजाराचं मात्र सदर आहे.

९ मे

लॉन्ड्रीत बॉयलरवाल्याने भिशी सुरू केली. बारा जण, दर महिन्याला प्रत्येकाची सारखी रक्कम, ज्याची चिठ्ठी निघेल त्याला सगळी. मी नाव दिलं. ही बचत आहे, कर्ज नव्हे. व्याज नाही, कागद नाही, सही नाही. आणि चिठ्ठी कुणाची निघावी हे माणसाच्या हातात नसतं.

पहिली चिठ्ठी माझी निघाली.

मला सगळे तिथे मास्तर म्हणतात. बॉयलरवाला म्हणाला, मास्तर, नशीब काढलंत, पण आता अकरा महिने भरायचे आहेत, विसरू नका. मी म्हटलं, बाबा रे, देणाऱ्याने दिलं आहे, तोच भरेल. तो म्हणाला, त्याला ओळखत नाही, मी तुमच्याकडेच मागणार.

घरी सांगितलं नाही. चांगली गोष्ट पूर्ण झाल्यावरच सांगावी.

१६ मे

योजना अशी. त्या रकमेतून मशीनला नवी मोटर. संध्याकाळी घरी येऊन छोट्या लॉजच्या चादरी आणि खानावळींचे टेबलक्लॉथ दाबून द्यायचे. पाच वर्षांचं कर्ज दोन वर्षांत साफ. मॅडम काका म्हणायचं सोडून देतील.

हिला सांगितलं, मोटर बॉयलरवाल्याने मैत्रीखातर बसवून दिली. ही म्हणाली, बॉयलरवाले फार उदार झाले हो. मी म्हटलं, जगात अजून चांगुलपणा आहे.

२३ मे

मशीन चालू केलं. प्रार्थना करूनच केलं. रोलर सुंदर फिरला, साधारण एक चादरभर. मग आमच्या घरातले दिवे गेले, जिन्यातले गेले, वरच्या मजल्यावरचेही गेले. वरच्या बाई खाली आल्या आणि माझ्या तीन पिढ्यांबद्दल बोलल्या. चौथीबद्दल, म्हणजे मुलीबद्दल, त्यांचं मत चांगलं आहे.

वायरमन सांगून गेला की याला वेगळं कनेक्शन लागेल. त्याची अनामत आणि हप्ता यांचं जमत नाही. तूर्त योजना स्थगित. मोटर नवीच आहे, ती कुठे जात नाही.

५ जून

भिशी भरली. प्रवासाच्या सदरातून. आता कामावर चालत जातो. चालण्याने चिंतन होतं. आजचं चिंतन: बूट.

२१ जून

मुलीने सहलीचे पैसे मागितले. कॉलेजचं शेवटचं वर्ष, सगळे चाललेत. मी तिला समोर बसवून मोहाबद्दल सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, बाबा, नाही म्हणालात तरी चाललं असतं, एवढं कशाला. आणि मशीनच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसली. त्या बाजूची माणसं इथून दिसत नाहीत.

२९ जून

बाजारात हिला बॉयलरवाला भेटला म्हणे. काय बोललात विचारलं, तर म्हणाली, मोटरबद्दल आभार मानले. बरं केलं. कृतज्ञता हवीच.

६ जुलै

आश्चर्य. भिशीचे पैसे अजून जमले नव्हते, म्हणून दिवसभर बॉयलरच्या बाजूला गेलोच नाही. शेवटी तोच समोर आला आणि म्हणाला, मास्तर, चहा घेता का? भिशीचं नाव नाही. विसरला असावा. आठवण करून देणं माझ्या जिभेवर आलं होतं, पण ज्याला विसर पडतो त्यामागेही कुणाची तरी इच्छा असते.

उद्यापासून पुन्हा बस.

५ ऑगस्ट

याही महिन्यात मागितले नाहीत. देव आहे. मी आयुष्यभर म्हणत आलो, आता अनुभव आहे.

९ ऑगस्ट

पहिली तपासणी. मॅडमनी नवीन काही देणं आहे का विचारलं. नाही म्हणालो. पावत्या बघून त्या म्हणाल्या, ठीक आहे काका, तुम्ही खाली थांबा, काकूंशी जरा बोलायचं आहे. बायकांचं बोलणं. अर्धा तास थांबलो. ही खाली आली तेव्हा डोळे लाल होते. पंख्याखाली बसली असणार, हिला पंख्याचं वारं सोसत नाही. एक कागदही होता, त्यावर फक्त हिचीच सही. मी म्हटलं, माझी राहिली का? म्हणाली, यापुढे तुम्हाला सहीची दगदग नको. इतक्या लहान वयात मॅडमना मोठ्या माणसांची जाण आहे.

१४ सप्टेंबर

हिने पडदे, परकर, फॉल, जे मिळेल ते शिवणकाम घेतलं आहे. घरभर दोरे. काल माझ्या पानात एक निघाला. काही बोललो नाही. संकल्प आहे.

मुलीने मशीनवर दोन पोरांची शिकवणी सुरू केली. शेवटी माझ्या मशीनचा उपयोग झालाच.

११ ऑक्टोबर

विजेचं बिल सदराबाहेर. कारण शिलाई मशीन आणि त्यावरचा दिवा. हिला शांतपणे समजावलं, की करार म्हणजे वचन आहे, आपल्या एका दिव्यापायी तुझ्या भावाचं घर जाईल. एवढं बोलून दिवा बंद केला. ही अंधारात तशीच बसून राहिली. मग म्हणाली, अहो, लावा. मी विचारलं, कुठल्या सदरातून? ती उठली आणि काम घेऊन जिन्यात जाऊन बसली. जिन्यातला दिवा सगळ्यांचा आहे, त्यामुळे बचत झाली. मार्ग काढला की निघतो.

१२ ऑक्टोबर

वरच्या बाईंनी हिला जिन्यात पाहून आपल्याकडे शिवायला बसवलं. मला जिन्यात भेटल्या तेव्हा काही बोलल्या नाहीत. वळणावर आल्याचं चिन्ह.

७ डिसेंबर

दुसरी तपासणी. मी येऊ का म्हणून विचारलं. ही म्हणाली, तुमची सुट्टी कशाला घालवता? कामावर सगळ्यांना सांगितलं की आमचा करार इतका सुरळीत चालला आहे की मला आता जावंही लागत नाही. बॉयलरवाला खो खो हसला. मग म्हणाला, मास्तर, वहिनींना जपा. त्याला आजकाल माझ्या घरची फार काळजी.

१८ जानेवारी

मेहुणा आला. मुलीकडचे एप्रिलपर्यंत थांबायला तयार आहेत, पुढे नाही. माझ्याशी बोलता बोलता त्याचं लक्ष हिच्या बोटांकडे होतं. सुयांनी चाळण झाली आहे. ताई, बास कर आता, म्हणाला. ही म्हणाली, तीन राहिलेत. काय तीन, ते मी विचारलं. परकर, म्हणाली.

मी मेहुण्याला धीर दिला. म्हटलं, माझ्यावर विसंबून राहा. तो बाहेर गेला आणि बराच वेळ चप्पल शोधत होता. चप्पल त्याच्या पायात होती.

२२ फेब्रुवारी

वर्ष संपत आलं. आत्मपरीक्षण केलं. एक हप्ता चुकला नाही, एक नवं कर्ज नाही. माझ्यात इतका निग्रह असेल असं मलाही वाटलं नव्हतं. नम्रता वाढवली पाहिजे.

४ एप्रिल

वार्षिक तपासणी. नवा शर्ट नाही, पण इस्त्री अशी की मॅडम बघत राहिल्या. मी, ही, मेहुणा, तिघे ओळीने बसलो. मॅडमनी रीतीप्रमाणे विचारलं, वर्षभरात काही नवीन देणं? मी छातीवर हात ठेवून म्हणालो, एक पैसा नाही.

मग ही म्हणाली, अहो, भिशी.

मी म्हटलं, ती तर बॉयलरवाला विसरला. ही म्हणाली, तो कशाला विसरतोय? जूनमध्येच त्याने मला सांगितलं. जुलैपासून मी भरतेय, शेवटचे परवा दिले. मॅडमना ऑगस्टमध्येच सांगून टाकलं होतं. मॅडम म्हणाल्या, हो काका, नियमाने करार तेव्हाच मोडायला हवा होता. काकूंनी सगळं स्वतःवर घेतलं, म्हणून वरिष्ठांकडे शब्द टाकला. ऑगस्टपासून करार त्याच चालवतायत.

मी पंख्याकडे पाहिलं. बंद होता. तेव्हाही बंदच असेल.

मेहुणा सुटला. मॅडमनी त्याच्या नावावर रेघ मारली. तो उठला, ताईच्या पायावर डोकं ठेवलं, आणि बराच वेळ उचललं नाही. मग माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, भाऊजी, आता रस्ता कसाही ओलांडा.

पुढच्या चार वर्षांसाठी नवा कागद करायचा होता. कुटुंबप्रमुख म्हणून हिचं नाव. मॅडमनी विचारलं, तुमच्यावर अवलंबून किती जण? मी सवयीने तोंड उघडलं होतं. ही म्हणाली, दोन. एक मुलगी. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, आणि हे.

माझा हातखर्च आता 'इतर'मध्ये.

बसने परत आलो. तिकिटं हिने काढली. खिडकीची जागा मात्र मला दिली. ही मांडीवर हात ठेवून बसली होती. बोटं मी आज पहिल्यांदा नीट पाहिली. काहीतरी बोलायला हवं होतं. वहीत लिहीन म्हटलं.

संध्याकाळी

संकल्प करायचे होते. पेनची रिफील संपत आली आहे. ही आत दिवा लावून शिवतेय. तिच्याकडे मागावी लागेल. दोनदा दारापर्यंत जाऊन मशीनला वळसा घालून परत आलो. आधी ती दिव्याची गोष्ट बोलावी, की आधी रिफी