अस्तर फाटलेली टाकी

३ जानेवारी १९८४
सटाण्याहून आलो, द्वारका चौकाजवळ खोली मिळाली आणि आज अंबडच्या कारखान्यात रुजूही झालो. टाक्यांचा डिझायनर! आईला वाटतं, पाण्याच्या टाक्या. तिला कसं सांगू, की तीव्र गंधकाम्ल साध्या पोलादात मजेत राहतं, पण हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड तेच पोलाद खाऊन टाकतं! त्याला आतून रबराचं अस्तर हवं, नाहीतर फायबरची टाकी. मालकांनी मागची मोठी टाकी माझ्याकडे सोपवलीय. खूश आहे.

६ जानेवारी
माझ्याशी कुणी बोलत नाही. डबा उघडला की बाक रिकामा होतो. मोठ्या टाकीत हायड्रोक्लोरिक आहे आणि जोडावर गंजाचे ओघळ. अस्तर नक्की फाटलंय. रिकामी करून तपासू म्हटलं, तर फोरमन सावळीराम अंगावर धावून आला. ती टाकी रिकामी होणार नाही, असं मालकांनीही सुनावलं.

१२ जानेवारी
फाटकाशी कमळाबाई नावाची बाई रोज उभी असते. तिचा नवरा भिकन माझ्याच जागेवर होता. तोही अस्तरावरून भांडला होता. दिवाळीपासून बेपत्ता. इथले सांगतात, पळून गेला. ती म्हणाली, "न सांगता जाणारे नव्हते ते. जाड भिंगाचा चष्मा होता. कुणी पाहिलाय का, एवढं विचारा ना साहेब."

१७ जानेवारी
टाकीचा पंप अडकला. गाळणी उघडली. आत चष्म्याचं भिंग. जाड.
काचेला हे अ‍ॅसिड काही करत नाही. बाकी सगळं —
सावळीरामनं पाहिलं.

१८ जानेवारी
भिंग कमळाबाईच्या हातात दिलं. ती रस्त्यातच खाली बसली. पोलिसांकडे जाऊ म्हणालो. ती फाटकाशी थांबलीय. मी टाकीचा नकाशा घ्यायला टाकीला लागून असलेल्या माझ्या केबिनमध्ये आलो, आणि बाहेरून कडी लागली.
सावळीराम आहे. हाका मारल्या. दारापलीकडून म्हणाला, "भिकन सायबालाबी सांगितलं होतं, टाकीच्या नादी लागू नका."
टाकीच्या तळाचा कॉक, म्हणजे नळच, उघडला त्यानं. दाराखालून पिवळट — कोबा फसफसतोय — धूर. वही घेऊन टेबलावर चढलोय. घसा —
खिडकीच्या गजांतून फाटक दिसतंय. कमळाबाई धूर बघून ओरडतेय. माझं नाव तिला ठाऊक नाही. ती भिकनला हाका मारतेय.
मीच ओ देतोय.
ऐकलं तिनं. आत येतेय — कमळाबाई, चपला नाहीत तुमच्या पायांत, इकडे नका —