मॅडमची पाहणी आणि पाच उभे ट्रक

बोरगाव मेघे, मंगळवार

तीर्थरूप मामांच्या पायाशी भूपेंद्रचा दंडवत.

तब्येत कशी आहे? रीत म्हणून विचारून नाई राह्यलो, खरंच सांगा. बीपीची गोळी वेळेवर घेता ना? मामीले नमस्कार. इकडे सारे बरे आहेत, फक्त मले झोप नाई आणि सपना माझ्याशी बोलत नाई. फोनवर सांगायची हिंमत झाली नाई, म्हणून ड्रायव्हर गोपालच्या हाती पत्र पाठवून राह्यलो.

आपल्या ट्रान्सपोर्टचा जीव बँकेच्या मॅनेजर मॅडमच्या हातात आहे, हे तुमाले माहीतच आहे. (बाई देवमाणूस! पहिला छोटा हत्ती टेम्पो घेतला तेव्हा मले कोणी दारात उभं करत नव्हतं, त्यांनी खुर्ची दिली, चहा पाजला. लॉकडाऊनात हप्ते थकले तर रागावल्या नाईत, उलट मुदत वाढवून दिली.) आता हिंगणघाटच्या एका जिनिंगवाल्यानं सालभर कापसाच्या गाठी वाहायचं काम देऊ केलं आहे. पण त्याले दहा ट्रक पाहिजेत आणि गोदाम पाहिजे. आपल्याजवळ ट्रक पाच, गोदाम नाई. महिनाअखेरीपर्यंत कर्ज मिळालं तर ठीक, नाईतर काम नागपूरवाल्याच्या घशात. म्हणून मॅडम काल धंदा पाहायले येणार होत्या.

आता पाहुणा येणार म्हटलं की आपण काय करतो? घरात जे असते ते सारं काढून मांडतो. मी पाचही ट्रकच्या फेऱ्या रद्द केल्या (जिनिंगवाला काय बोलला ते मामीसमोर वाचण्यासारखं नाई), ट्रक धुवून अंगणात ओळीनं लावले, ड्रायव्हरायले पांढरे सदरे घालून हात बांधून उभं केलं. सपना म्हणे, "अहो, त्या धंदा पाहायले येऊन राह्यल्या, गाड्या नाई!" तिचं ऐकलं असतं तर हे पत्र काऊन लिहिलं असतं?

मॅडम फाटकातच थबकल्या. पाची गाड्या बंद. पांढऱ्या सदऱ्यातले ड्रायव्हर चिडीचूप (तोंड उघडू नका असं मीच बजावलं होतं). माझी दाढी वाढलेली (सोमवारी सलून बंद). मॅडमनं चप्पल काढली आणि हळूच विचारलं, "घरचं कोणी गेलं का हो?"

नाई म्हणावं, तर भर हंगामात गाड्या काऊन उभ्या, हे सांगावं लागते. धंदा बसला असंच वाटलं असतं त्यायले. मान हलली. देवाशपथ मामा, मी नाई हलवली, आपोआप हलली. "कोण?" म्हणे. माझ्या तोंडातून एक नातं निघून गेलं. त्यायच्या डोळ्यात पाणी आलं. "फाईलचं मी पाहते, तुम्ही घरच्यांकडे पाहा," म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. अशा बाईशी खोटं बोललो, मले भल्ली शरम वाटून राह्यली.

तुमचाच,
भूपेंद्र

ता. क. ते नातं मामाचं होतं. आणि सख्खा मामा मले एकच आहे.

आणखी एक. मॅडम शुक्रवारी मामीले भेटायले अल्लीपूरले येऊन राह्यल्या, किती नाई म्हटलं तरी ऐकत नाईत. त्या दिवशी तुम्ही केळझरले गणपतीच्या दर्शनाले जाजा, गाडी मी पाठवतो. मामीले म्हणा, हसू नका.

पाकीट बंद करता करता बँकेतल्या बाबूचा फोन आला. कर्ज मंजूर झालं! फक्त येत्या सोमवारी जामीनदारानं मॅडमसमोर स्वतः हजर राहून सही करायची आहे. मामा, जामीनदार तुम्ही आहा.