फॉल लावलेली हिरवी साडी

मी, किमया दामोदर शिंपी, वय एकोणतीस, राहणार जव्हार, जिल्हा पालघर, हे लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. किडन्या नाहीत. कुणी धाक दाखवून हे लिहून घेत नाहीये. उलट घरात सगळे "आत्ता कशाला, आत्ता कशाला" करतायत. लग्नात माझं नाव बदललं होतं, ते मी परत बदलून घेतलं. जुन्या कागदांवर दुसरं आडनाव दिसलं तरी बाई हीच.

कलम १. हे का लिहितेय.

बाजारपेठेत आमचं कापडाचं दुकान आहे. सगळ्यात वरच्या फळीवर दोन गठ्ठे कायम असतात, एक पांढऱ्या साड्यांचा, एक हिरव्या. नवरा असताना बाई गेली, तर माहेरच्यांनी हिरवी आणायची, ओटी भरायची, ती नेसवूनच तिला न्यायचं. विधवा असेल तर पांढरी. हे गिऱ्हाईक घाईत असतं. भाव करत नाही, घडीसुद्धा मोडून बघत नाही. मयताच्या साडीला फॉल लावून द्या असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

दिवाळीनंतर एकदा नाशिकहून डायलिसिस करून आले, तर बाबा मशीनवर बसून हिरव्या साडीला फॉल लावत होते. कुणाची म्हणून विचारलं. "ऑर्डरची," म्हणाले. ऑर्डरची साडी आमच्याकडे नाव लिहिलेल्या पिशवीत असते. ही वरच्या फळीवरची होती.

मला पाणी मोजून प्यायचं असतं. त्या दिवशी आत गेले आणि अख्खा तांब्या प्यायले.

कलम २. मला काय नेसवायचं.

हिरवी नाही. माझा नवरा चैतन्य ठाण्यात दुसऱ्या बाईबरोबर राहतो. आजार कळला आणि तो कामासाठी म्हणून गेला. घटस्फोटाचा विषय काढला तर म्हणाला, "कशाला कोर्टकचेरी, तसंही..." आणि वाक्य अर्धंच सोडलं. अर्धं सोडायची त्याला सवय आहे. तर कागदावर मी अजून सवाष्ण. मोखाड्याची आत्या मागे भेटायला आली, माझा हात हातात घेऊन म्हणाली, "भरल्या कपाळानं जाशील गं पोरी. भाग्य लागतं त्याला." मी म्हटलं, "आत्या, तुम्ही घ्या ना मग हे भाग्य. काका आहेत की अजून." चहा न पिता गेली.

नेसवायची ती काळी सुती साडी, बारीक पांढऱ्या काठाची. माझ्या कपाटात डावीकडे टांगलेली आहे. ब्लाउज दुधी पांढरा. निळसर पांढरा काळ्याजवळ घेऊ नये, चेहरा आजारी दिसतो. (हसू नका.) बाही कोपराच्या वर. डायलिसिसने फुगलेली शीर दिसली तर दिसू दे, त्या हातानेच मला इथवर आणलं. पदर मोकळा, निऱ्या बारीक, पिना दिसता कामा नयेत. कुंकू नको, बांगड्या नकोत, तोंडात सोनं नको.

कलम ३. मंगळसूत्र.

मी ते उसवलं आहे. सोन्याच्या वाट्या आणि मणी डबीत आहेत, ते चैतन्यला परत. काळे मणी मी ठेवले. ते ब्लाउजच्या पाठीवर, गळ्याच्या कडेने लावायचे आहेत. पांढऱ्यावर काळे मणी फार छान दिसतात, गळ्यात दिसायचे त्याहून जास्त. चैतन्य आला तर येऊ दे. बाकीच्यांसोबत उभा राहील. माझ्या कपाळाला हात लावणार नाही.

कलम ४. रोख.

तोरंगणच्या घाटातून नाशिकला जा-ये करण्यात संपली. हे कलम रिकामं.

कलम ५. रविना.

दुकानाच्या मागच्या खोलीत मी बायकांना काळं-पांढरं नेसवायचे, फोटो काढायचे. आपल्याकडे काळं म्हणजे संक्रांत आणि पांढरं म्हणजे मयत. मधल्या वर्षभरात बाईने या दोन रंगांचं काय करायचं, एवढाच माझा प्रश्न होता. पहिली आली खोडाळ्याची हिराबाई. नवरा गेल्यापासून पांढऱ्यातच. मी तिला त्याच पांढऱ्या साडीवर काळा, बंद गळ्याचा ब्लाउज घातला आणि आरशासमोर उभं केलं. बराच वेळ बघून म्हणाली, "ही कोण सायबीण?" मुलांनी घरी शिव्या घातल्या. पुढच्या महिन्यात ती परत आली, जावेला घेऊन.

त्या खोलीतली माझी मशीन, उभा आरसा, कापडी पुतळी, इस्त्री, सगळ्या काळ्या-पांढऱ्या साड्या आणि इन्स्टाचं पेज हे साखरशेतच्या रविनाला. ती माझ्याकडे शिवण शिकायला आली आणि माझं बीपी बघायला शिकली. हे तिला सांगितलं तर ओरडली, "ताय, तू मेलीच नाय अजून, आन् मी मशीन कशी उचलू?" रविना, उचल. दोन्ही रंग सारखे घेऊ नकोस, बाई शाळेच्या गणवेशात असल्यासारखी वाटते. एक जास्त, एक कमी. जास्त कुठला ते बाईला विचार. तिला आधी कुणी विचारलेलं नसतं.

कलम ६. आई-बाबा.

बाबांना मी काहीही ठेवलेलं नाही. वकील म्हणाले, साक्षीदाराला काही देऊ नका, त्याच्या बायकोलाही नको. त्यामुळे आईलाही काही नाही. आई, भांडू नकोस, तू साक्षीदाराशी लग्न केलंस. वकील असंही म्हणाले की कलम २ कायद्याने कुणावर बंधनकारक नाही, ती नुसती इच्छा. बॉडी ज्यांच्या ताब्यात, ते ठरवणार. म्हणजे बाबा. म्हणून त्यावर मला बाबांचीच सही पाहिजे.

बाबांनी हे वाचलं. पुढे दुकानात संक्रांतीचा काळा माल लावलेला, तिथेच बसून. म्हणाले, "काळी नेसायचीच तर संक्रांतीला नेस की. जिवंतपणी." मग म्हणाले, "किमे, उद्या कुणाच्या घरी मयत झालं तर लोक म्हणतील, याने स्वतःच्या पोरीला काळ्यात घालवलं, याच्याकडची हिरवी कशाला घ्यायची? मला याच बाजारात बसायचंय." खरं आहे. मी तरीही मागतेय.

ती हिरवी साडी दुकानाची आहे, मला ती कुणाला देता येत नाही. फक्त विनंती: आईने नेसावी. सणाला नको, साध्या दिवशी, भाजी आणायला जाताना. फॉल लावलेली साडी जिवंत बाईने नेसायची असते.

वाचून झाल्यावर बाबा कागद घेऊन आत गेले, ते संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत. आज सकाळी टेप घेऊन आले. म्हणाले, "उभी राहा. जुनं माप चालणार नाही, तू आटलीस." मी उभी राहिले.

वरचं सगळं मी स्वतः लिहिलं आहे, खाडाखोडीसकट.

किमया दामोदर शिंपी
जव्हार, ९ जानेवारी २०२६

साक्षीदार: हिराबाई, राहणार खोडाळा. (सही केली आहे, अंगठा नाही. हे कंसातलं तिने लिहायला लावलं.)

साक्षीदार: दामोदर शिंपी, वडील.
माप घेतले. ब्लाउज मी शिवीन. मणी लावीन. काळ्या साडीला फॉल नव्हता, तो लावला.