चौदा नंबरला शून्य गुण

मंगळवार, ११ नोव्हेंबर

ससा सात नंबर – गवत संपवलं, ठीक. नऊ – लंगडतो, पण खातो. अकरा – कान टवटवीत. चौदा – शहाणा! मांडीच्या हाडाचं ऑपरेशन होऊन सहा दिवस झाले, तरी मी आत गेलो की ताठ बसतो. घरी बायको, जयवंता – बरी आहेस का विचारलं तर म्हणते, "मला काय धाड भरलीय? तुमच्या सशांचं बघा."

प्रयोगशाळेत सशांवर हाड सांधायच्या नव्या औषधाची तपासणी चाललीय. आमच्या जनावरांच्या डॉक्टर श्रद्धा मॅडम, त्यांनी दिलेला तक्ता मला पाठ झाला. डोळे, गाल, नाक, मिशा, कान. दुखत नसेल तर शून्य, थोडं असेल तर एक, फार असेल तर दोन. बेरीज चार झाली की दुखणं थांबवायचं जादा इंजेक्शन. चौथी शिकलेला मी, आणि गुण देतोय!

आज चौघांनाही शून्य.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

मॅडमनी वजनं केली. चौदा नंबर दोनशे ग्रॅम उतरला. "काका, गुण शून्य, मग वजन का उतरतं?"

म्हटलं, सव्वीस वर्षं जनावरं सांभाळतोय, मला चेहरा कळतो.

पिंजरे धुणारा रोहिदास हसला – "काकांना बघून ससे पास होतात, मॅडम!"

मेल्याचा राग आला. मॅडम कोपऱ्यात कॅमेरा लावून गेल्या.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सुट्टी टाकली. भाताची झोडणी. जयवंता खळ्यावर आली नाही. ओटीवर बसून पोलक्याला टाके घालत होती. सैल झालं म्हणे. जेवताना अर्धी भाकरी माझ्या ताटात सरकवली – "तुमीच खावा. मला आंबट ढेकर येतायत."

शनिवार, १५ नोव्हेंबर

लिहायला हात उचलत नाही.

मॅडमनी कॅमेऱ्यातलं दाखवलं. मी दार लावून जातो. चौदा नंबर तसाच ताठ. एक मिनिट. दोन मिनिटं. मग डोळे बारीक होतात, कान मागे पडतात, पोट जमिनीला दाबून अंग चोरतो. दात खातो. तासभर! मग दाराची कडी वाजते – मीच येतो – आणि सगळं बंद. कान उभे. डोळे मोठे. मी वहीत शून्य लिहितो, त्याला "शाब्बास रं" म्हणतो.

"ससा दुखणं लपवतो, काका. खाणाऱ्यासमोर तर लपवतोच."

"मी खाणारा? मी त्याला गाजर देतो!"

"त्याला ते कसं कळणार?"

एक्सरे काढला. हाडात पू झालेला. बरा होण्यातला नव्हता. आधी कळलं असतं तर निदान दुखणं तरी थांबवता आलं असतं. माझ्या शून्यांमुळे इंजेक्शन नाही मिळालं. दहा दिवस!

कायमचं झोपवायचं इंजेक्शन भरता भरता मॅडम म्हणाल्या, तुम्ही बाहेर थांबा. मी म्हटलं, नाही, मीच धरतो.

धरला. माझ्या हातात अगदी शांत होता. नेहमीसारखाच.

सोमवार, १७ नोव्हेंबर

बाकी तिघांना इंजेक्शनं सुरू. आता गुण कॅमेऱ्यात बघूनच द्यायचे. रोहिदासनं आज चिडवलं नाही. चहा आणून दिला. चिडवलं असतं तर बरं वाटलं असतं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

अकरा नंबरला पाच गुण. गेल्या आठवड्यात मी शून्य दिले होते त्याला.

बुधवार, १९ नोव्हेंबर

जयवंताला विचारलं, पोटात दुखतं का गं? "नाय ओ. तुमाला सशांची सवय लागली." हसली. ताठ बसली.

गुरुवार, २० नोव्हेंबर

जयवंताला म्हटलं, शिळफाट्याला जाऊन येतो. फाटक वाजवलं आणि मागनं फिरून स्वयंपाकघराच्या खिडकीआड उभा राहिलो.

भाकरी थापता थापता थांबली. ओट्याला पोट दाबून वाकली. डोळे – दोन. गाल – दोन. कान, मिशा माणसाला लागू नाहीत. तरी चार झाले.

परत जाऊन फाटक वाजवलं. आत आलो तर ताठ उभी. "इतक्यात आलात?"

नम्रताला, लेकीला, कर्जतला मेसेज टाकला – आईला मोठ्या डॉक्टरला दाखवायचंय. तिला विचारू नको, ती नायच म्हणेल. बाय, कुठं न्यायचं ते लवकर कळव.