एकटीच मावळतीले

॥ श्री ॥
बोरी (पांढरकवडा), ता. ३-१२-६१

चि. सौ. विमल हिस,
आईचे पोटभर आशीर्वाद. जावईबापूंले आन् माह्या नातीले, वत्सीले, त्यातलेच वाटून दे. वि. वि.

तुह्यं पत्र आलं तशी मी अंगणातच वाचाले बसली. नाकाजवळ धरून वाचते, ओळ सरली की अंदाजानं खालच्या ओळीत उतरते. माही अक्षरं भोपळ्याएवढी पडतात, हसू नको. परवा कापूस वेचताना बोंड समजून बुजगावण्याच्या धोतराले हात घातला. बाया लोळून लोळून हसल्या. मीही हसली. पण खरं सांगते, सगळंच पांढरं दिसते आता.

यवतमाळच्या शिबिरात मोतीबिंदू काढून घे म्हणतेस. मले यायचं हाय, पोरी. तुह्या दुखण्यात वत्सी माह्याजवळ राह्यली, माह्या पदराले धरून बोलाले शिकली. तिचं तोंड एकदा नीट पाहायचं हाय. पण आपल्या शेजारच्या मानीबाईच्या नणंदेचं आठवते. तिले मोतीबिंदू काढल्यावर डोकं हलवू नको म्हणून बजावलं होतं. ती घाबरून उठून बसली, डोळ्यात रगत उतरलं आन् तो डोळा कायमचा गेला.

चाकूचं भेव नाई मले. भेव वेगळंच हाय, सांगाले लाज वाटते. डोळे बांधलेले, खाट परकी, आन् पाय दक्षिणेले आले तं? तुह्या बाबांले मेल्यावर तसंच निजवलं होतं. मी घरात कुठंही डोळे मिटले तरी उगवती कोणीकडे ते अंगाले ठाऊक असते. तिथं अंगाले कोण सांगीन?

तुही आई,
शकुबाई

---

॥ श्री ॥
यवतमाळ, ता. ११-१२-६१

ती. आईस,
विमलचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र ह्यांनी वाचून दाखवलं. बुजगावण्याचं ऐकून हे फार हसले, मला मात्र रडू आलं. आता आणखी थांबू नकोस. शिबिर संक्रांतीनंतर आहे आणि ते वत्सीच्याच शाळेत भरणार आहे, म्हणजे घरापासून हाकेवर. तुझी खाट कशी लावायची ते मी स्वतः बघीन, ही काळजी सोड.

मला दुसरीच काळजी लागली आहे. वत्सीला शाळेत मंद समजतात. पाटीवर घराच्या डावीकडे झाड काढायला सांगितलं, तर पोरीनं झाड काढलं आणि बाईंनी बाक फिरवला तशी हिनं पाटीही फिरवून धरली. झाड मावळतीला आहे, ते कसं हलेल, असं म्हणाली. कवायतीत तर फजितीच झाली. पहिल्या दिवशी डावीकडे वळा म्हटलं तेव्हा मावळतीला वळायचं होतं, एवढंच तिनं धरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी रांग दुसऱ्या तोंडानं उभी केली. सगळ्या मुली एकीकडे वळल्या आणि ही एकटीच मावळतीला, झेंड्याच्या मैदानाकडे तोंड करून उभी. सगळी शाळा हसली. त्या दिवसापासून ती शाळेत तोंडच उघडत नाही. बाई म्हणतात, असंच चाललं तर पुन्हा त्याच वर्गात बसवावं लागेल.

मी तिला ते शब्द बंद केले आहेत. तू आलीस की तिच्यासमोर उगवती-मावळती काढू नकोस, आई. एवढं माझं ऐक. रागावू नकोस.

तुझी,
विमल

---

॥ श्री ॥
बोरी, ता. २९-१२-६१

चि. सौ. विमल हिस आशीर्वाद. वि. वि.

रागावली नाई. पण त्या दिवशी भाकर तशीच झाकून ठेवली. पोरीले मंद म्हणतात, आन् तिचा गुन्हा काय, तं आजीसारखं बोलते.

मी लय विचार केला, वेचता वेचता. तुम्हा शहरातल्यांचं डावं-उजवं तुमच्यासंगं फिरते, पाळलेल्या कुत्र्यासारखं. तुम्ही वळले की तेही वळलं. मंग तुमच्या मनात माणूस मधात आन् दुनिया त्याच्याभोवती. आम्ही म्हणतो, मडकं उगवतीले सरकव, बैल मावळतीले बांध. दुनिया जागेवर राहते, माणूसच फिरते. बोलणं तसं मन घडते, असं वाटते मले. वत्सीचं मन माह्या बोलण्यात घडलं. आता ते मोडून दुसरं घडवायचं तं मधातल्या काळात त्या लेकराच्या पायाखाली काय राह्यते? याचं मले भेव वाटते.

पण शब्द देते. तिच्यासमोर बोलणार नाई. खेमसिंगाच्या बैलगाडीनं पांढरकवड्यापर्यंत येईन, तिथून मोटारीनं. जावईबापूंले अड्ड्यावर यायले सांग. भेवाच्या मारे मोटारीतच माहा डोळा उघडला तं डॉक्टरचे कष्ट वाचतील.

तुही आई

---

॥ श्री ॥
बोरी, ता. २५-२-६२

चि. सौ. विमल हिस,
नव्या चष्म्यातून पाहून लिहिलेले आशीर्वाद. वि. वि.

पाहाय, अक्षरं आता लिंबाएवढी झाली. सुखरूप पोचली. बुजगावण्याले लांबूनच रामराम केला. मानीबाईचं तोंड पाह्यलं, बिचारी किती म्हातारी झाली, आन् ती मले तेच म्हणाली.

आता एक सांगायचं राह्यलं. डोळा कापला त्या दिवशी तू घरी पेज आणाले गेलती, तेव्हाचं. तुले वाटलं मी शांत निजून होती.

तू खाट नीट लावली होती, मी पाह्यलं होतं. पण कापल्यावर त्यांनी मले उचलून कितीक वळणं घेत आणलं. कोणत्या खोलीत टाकलं, कोणत्या खाटेवर, काही कळे ना. डोक्याच्या दोन्ही बाजूंले रेतीच्या थैल्या. अंगाले विचारलं उगवती कोणीकडे, तं अंग मुकं. असं आयुष्यात कधी झालं नाई, विमल. विहिरीत पडल्यावर तळ लागू नये, तसं. नर्सबाईले विचारलं तं ती म्हणाली, डोकं भिंतीकडे हाय, पाय दाराकडे. भिंती का कमी असतात? जावईबापूंले विचारलं. ते झटकन म्हणाले, पूर्वेलेच हाय. इतकं झटकन, की त्यांनी पाह्यलंच नाई ते मले कळलं. मनात एकच, पाय दक्षिणेले हायेत, मी मेली आन् कोणी सांगून नाई राह्यलं. जावईबापू डॉक्टरशी बोलाले बाहेर गेले आन् मी उठाले हात टेकवला. मानीबाईची नणंद आठवली, तरी हात थांबे ना.

खाटेजवळ वत्सी होती. मी तिले काही विचारलं नाई, तुले शब्द दिला होता. पोरीनं माहा टेकवलेला हात उचलला, छातीवर ठेवला, आन् कानाशी लागून हळूच म्हणाली, कोणी ऐकू नये म्हणून,

"आजे, मी एकटीच वळली होती ना, त्या मैदानाकडे तुहे पाय हायेत. डोकं उगवतीले हाय. निज."

सगळं जग जागेवर येऊन बसलं. मी निजली.

डॉक्टर म्हणाले, म्हातारीनं डोकं तसूभर हलवलं नाई म्हणून डोळा वाचला. तू तेव्हा मले शाबासकी दिली. ती माही नव्हती.

तिले डावं-उजवं शिकव, तेही लागते, मी नाई म्हणत नाई. पण घरात तिनं मावळती म्हटलं तं तिले गप्प करू नको. मी अजूनही दुपारी झोपेतून दचकून उठते, अंग मुकं होते की काय म्हणून. मंग ते मैदान आठवते आन् ती एकटी उभी दिसते, तोंड बरोबर मावळतीले.

माह्या नजरेत आता तुम्ही सगळे हायेत. तुमच्या नजरेत मले राहू द्या.

तुही आई,
शकुबाई