अपूर्वाचं केंद्र आणि आईची केळी

अर्धापूर

आदरणीय दत्तोपंत गुरुजींच्या पायावर वैजनाथचं डोकं. गुडघे काय म्हणतात? सरोजिनीकाकूंची कंबर? आम्ही सगळे मजेत हाव. बाग यंदा झकास हाय अन् आईचं तोंड त्याहून झकास चालून राहिलं.

तुम्ही फोन उचलून न्हाई राहिले, म्हणून पत्र. नोकरी सोड अन् पहिल्या गाडीनं लातूरला ये, असं तुम्ही अपूर्वाला कळवलं म्हणे. डोळे पुसत सांगत होती. बाप म्हणून तुमचंही बरोबर हाय. नशेच्या पोरांनी एकमेकांच्या सुया टोचून रोग पसरवू नये म्हणून वापरलेल्या सुया घ्यायच्या, कोऱ्या द्यायच्या. असलं काम करणाऱ्या पोरीला स्थळं कुठून येणार? पण इथं काय झालं ते ऐका, मग ठरवा.

केंद्र आमच्याच पुढच्या खोलीत हाय (तुम्ही इथं शाळेवर होता तेव्हा भाड्यानं राहिलात तीच. भिंतीवर अपूर्वाची बाराखडी अजून हाय, आई चुना मारू देत न्हाई). त्यावरून गल्ली पेटली. मारुतीच्या पारावर बैठक भरली. मंडळाचे अध्यक्ष सटवाजीराव गरजले, फुकट सुया वाटल्या तर गाव नासेल. शेवटी केंद्र असावं पण दुसऱ्या गल्लीत, यावर एकमत झालं. मग ध्यानात आलं की दुसऱ्या गल्लीचे लोक तिथंच बसलेत. झाला गोंधळ! सगळ्यात लांबलचक भाषण मी ठोकलं, केंद्र हलवा म्हणून. तेवढ्यात आई उठली, खोली माझ्या नावावर हाय म्हणाली, अन् खाली बसली. माझं भाषण तिथंच आटपलं.

बरं, तेवढ्यावर ती थांबली का? पोरं सुयांचा डबा भरून आणतात अन् कोऱ्या सुया खिशात घालून डबा मोकळा नेतात. काकूंचा भाजीचा डबा आईनं कधी मोकळा परत केला का सांगा! तिला ते बघवेना. तिनं दारात केळीचा घड टांगला अन् येईल त्याच्या हातावर दोन केळी ठेवायला लागली. अपूर्वा म्हणाली, आजी, आधी हात धुवायला लावा. आता पोरं हात पण धुतात.

काही दिवसांनी सटवाजीराव डबा घेऊन दारात. मला वाटलं, आलं भांडण. तर डब्यात त्यांच्या बायकोच्या शुगरच्या, इन्सुलिन टोचायच्या सुया! कचऱ्यात टाकल्या की झाडणाऱ्या जगदेवीला टोचायच्या, तिनं चौकात त्यांची बेइज्जती केली होती. अपूर्वानं सुया ठेवून घेतल्या तरी राव हलेचनात. केळी मिळाली तेव्हा गेले. मग काय, गल्लीतले झाडून सगळे शुगरवाले रांगेत! पंचाक्षरीनं तर म्हशीला टोचायची सुई आणली (घड बघून आला, दुसरं काय). त्या रांगेत शुगरवाला कोण अन् नशेवाला कोण, कुणाला वळखू येईना. लपतछपत येणारी पोरं उजळ माथ्यानं यायला लागली. आता केंद्र हलवायचं कुणी नाव काढत न्हाई.

गुरुजी, अशी लेक तुम्ही आमच्या गावाला दिली. तुमचे उपकार मी जल्मात विसरणार न्हाई.

तुमचा,
वैजनाथ

ता. क. एसटीनं केळीची पेटी धाडलीय. आत काकूंचा स्टीलचा डबा हाय, तुमची बदली झाली तेव्हा राहिलेला. आईनं लाडू भरलेत.

आणखी एक. त्या रांगेत एकदा आमचा पोरगा सत्यम डबा घेऊन उभा दिसला. मला लई कौतुक वाटलं, आजीच्या शुगरच्या सुया घेऊन आलं लेकरू. जेवायला बसलो तेव्हा ध्यानात आलं, आमच्या आईला शुगर न्हाईच. घरात कुणालाच न्हाई. ताट सरकवून उठलो, गुरुजी. पारावर मी ज्या पोरांना शिव्या घातल्या, त्यांत माझं होतं. अपूर्वानं त्याचं रक्त तपासून घेतलं, देवाच्या दयेनं चांगलं निघालं. आता नशा सोडवायला तिच्यासोबत नांदेडच्या दवाखान्यात ये-जा करून राहिलाय. माझं ऐकत न्हाई, तिचं ऐकतो. पाकिटावरचा पत्ता त्यानंच लिहिलाय. अक्षर हललंय, पण पोचलं ना? पोरीला राहू द्या, गुरुजी.