तूच लिहून आण, मी सही करतो

५ जानेवारी, रोहा
प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, पीएचडीला नाव लागलं नाही तर जूनपासून पेणच्या कॉलेजात तास मिळणार नाहीत. सात वर्षं प्राणिशास्त्र शिकवतोय, तासिका तत्त्वावर, रोज रोहा-पेण एसटीचे धक्के खात. त्याची ही किंमत! संकल्प: महिन्याभरात देशातले प्रोफेसर माझ्यासाठी आपसात भांडले पाहिजेत.

७ जानेवारी
विषय ठरला. ‘कोकणातील जैवविविधता : काल, आज आणि उद्या’. यातून काही सुटत नाही. चाळीस प्रोफेसरांना मेल टाकले. ‘आपलं संशोधन मी वर्षानुवर्षं वाचत आलोय’ ही ओळ सगळ्यांना सारखी. नमिता म्हणाली, अहो, निदान एकाचं तरी वाचा. बायको पतपेढीत आहे. तिला रिसर्चमधलं काय कळणार.

१६ जानेवारी
चाळिसातून एक उत्तर. त्यांनी लिहिलंय, मला या विषयात संशोधन सुरू करून दहा महिने झाले, तुम्ही वर्षानुवर्षं नेमकं काय वाचलंत? खडूस माणूस. असल्याच्या हाताखाली कोण काम करणार! यादीतून काढला.

२२ जानेवारी, सकाळी ११
मिळाली! गोव्याच्या एका प्रोफेसरबाईंकडे खाडीतल्या प्राण्यांवर प्रोजेक्ट. जागा एकच, फेलोशिपसकट. फक्त एक शिफारसपत्र जोडायचंय. जागा माझीच समजायची.

२५ जानेवारी
पत्रासाठी एमएस्सीच्या हैबतराव सरांकडे गेलो. रिटायर होऊन ओटीवर वालाचं बिरडं सोलत बसलेले. म्हणाले, तूच लिहून आण, मी सही करतो. आपल्याकडे पद्धतच आहे ती. घरी येऊन एका बैठकीत तीन पानं लिहिली. ‘पस्तीस वर्षांत असा विद्यार्थी पाहिला नाही.’ लिहिताना गहिवरून आलं. सरांनी न वाचता सही केली. कागदाला वालाचा वास येतोय, पण स्कॅनमध्ये जाणवणार नाही.

२ फेब्रुवारी
एमएस्सीची विद्यार्थिनी भूमिका स्टाफरूममध्ये आली. गाव वडखळजवळ, खाडीकाठी. बाप मिठागरावर कामाला. गेल्या वर्षी हिनेच भर वर्गात उठून विचारलं होतं, सर, उन्हाळ्यात मिठागराचं पाणी एवढं खारट होतं, मग बांधातले खेकडे मरत कसे नाय? सिलॅबसमध्ये नाही, खाली बस, म्हटलं होतं. आता हिला रिसर्चला जायचंय आणि शिफारसपत्र माझं हवंय! हसू दाबलं. कुठे अर्ज करतेयस हेही विचारलं नाही, एसटी चुकली असती. तूच लिहून आण, मी सही करतो, म्हणालो. मोठ्या माणसाने असंच बोलायचं असतं.

५ फेब्रुवारी
पत्र घेऊन पेण स्टँडवर आली. एकच पान! एका पानात कसली शिफारस होते? सर, वाचून बघा ना, म्हणत होती. गाडी लागलेली. बॅगेवर कागद ठेवून सही ठोकली. सही मात्र झोकात आली. नमिताला सांगितलं तर म्हणे, न वाचता सही? आमच्याकडे कोणी केली तर घरी बसवतात. पतपेढीची अक्कल.

२० फेब्रुवारी
गोव्याच्या बाईंनी ऑनलाइन मुलाखत घेतली. खाडीत शेवटचे कधी उतरला होतात, असं विचारलं. म्हटलं, रोज एसटीतून बघतो. त्यांनी लगेच काहीतरी लिहून घेतलं. प्रभाव पडला. नमिताला म्हटलं, गोव्यात खोली बघायला लागू या. ती म्हणाली, आधी निकाल येऊ द्या. घरातच कोणाचा विश्वास नसेल तर माणसाने काय करायचं.

१२ मार्च
बाईंचा मेल आला. भूमिकासाठी तुम्ही दिलेलं पत्र फार आवडलं. त्यातल्या ओळीच उतरवून पाठवल्यात: ‘तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. मी तिला खाली बसवलं. त्यानंतर वर्षभर ती दर रविवारी मिठागरावर जाऊन पाण्याचा खारटपणा मोजत आहे आणि खेकडे बिळात किती खोल जातात ते वहीत लिहीत आहे.’ बाई म्हणतात, उत्तर आलं नाही असं सही करून सांगणारा शिक्षक मी पहिल्यांदाच पाहिला. तुमच्या शब्दावर जागा तिला दिली आहे. असे आणखी विद्यार्थी असतील तर जरूर पाठवा.
सगळ्यात खाली दोन ओळी माझ्याबद्दल. तुमचा अर्ज आणि तुमच्या सरांचं पत्र यांत अकरा वाक्यं सारखी आहेत. क्षमस्व.
उत्तर आलं नाही म्हणे! सिलॅबसमध्ये नव्हतं.
आलंही नव्हतं. फार वाईट वाटलं. जेवलो नाही.

१४ मार्च
भूमिका पेढे घेऊन आली. पाया पडली. हैबतराव सरांच्या पत्रापायी अर्ज गेला हे काल प्राचार्यांना सांगावं लागलं होतं. त्यांनीच हिला सांगितलं असणार, कारण जाताना दारात घुटमळली. म्हणाली, सर, रागावणार नाय ना? पुढच्या अर्जाला तुमचं पत्र मी लिहून देऊ काय? हैबतराव सरांची नुसती सही घ्या.
काय हा उद्धटपणा! कालची पोर! तोंडावर सांगितलं, गरज नाही.
एसटीत नागोठण्यापर्यंत धुमसत होतो. नागोठणं आल्यावर तिला मेसेज टाकला. लिही. एकच पान.